एक ना धड, भाराभर सुधारणा

कारखान्यात सुधारणेची एकच पद्धत राबवणे हे हल्ली मागासलेपणाचे लक्षण समजले जाते. म्हणून आपण अपव्यय काढणारी लीन, मापांतला चढउतार आवरणारी सिक्स सिग्मा आणि काम अडवणारी जागा शोधणारा गोल्डरॅट यांचा अडथळ्यांचा सिद्धान्त ही तिन्ही एकाच तिमाहीत सुरू करावीत. तिन्हींसाठी वेगवेगळे सल्लागार नेमावेत आणि ते एकत्र चहाला बसणार नाहीत याची दक्षता घ्यावी. न जाणो, आधी काम अडवणारे यंत्र शोधावे, मग तायची ओनो यांनी टोयोटात केले तसा तिथला अपव्यय काढावा आणि शेवटी त्याच यंत्रावरच्या मापांतला चढउतार आवरावा, असा सरळ क्रम त्यांना सुचायचा, आणि मग आपल्या निम्म्या बैठका रद्द होतील.

समजा, आपल्याकडे ग्राइंडिंगचे एकच मशीन आहे आणि त्याच्यापुढे शाफ्टच्या ट्रॉल्या तुंबल्या आहेत. त्या मशीनच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी आधीच्या लेथचा वेग वाढवावा, म्हणजे लेथची कार्यक्षमता फळ्यावर हिरवी दिसेल आणि ट्रॉल्यांची रांग स्टोअरच्या दाराला टेकेल. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा ओनोंच्या लेखी सर्वांत वाईट अपव्यय होता खरा. पण रांगेभोवती फाइव्ह-एसची, म्हणजे जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीची, पिवळी पट्टी मारली की त्याच ढिगाला शिस्त म्हणता येते.

आता सिक्स सिग्मा. 1986 साली मोटोरोलात जन्मलेल्या या पद्धतीचे लक्ष्य दहा लाख संधींमागे 3.4 दोष एवढे काटेकोर आहे, तेव्हा ब्लॅक बेल्ट, म्हणजे या पद्धतीतली वरची पदवी, मिळवलेल्या अभियंत्याने ग्राइंडरवरची मापे घेऊन आलेख काढण्यात महिना घालवला, तर घाई करू नये. दरम्यान ऑपरेटर म्हणेल, "साहेब, चाकाला धार लावायचा ड्रेसिंगचा डायमंड झिजलाय, दोन महिने मागतोय." हे वाक्य दोषांची कारणे मांडायच्या माशाच्या काट्याच्या आकृतीत 'माणूस' या काट्याखाली, 'नकारात्मक दृष्टिकोन' म्हणून नोंदवावे. कायझेनचे, म्हणजे छोट्या सुधारणा सुचवण्याचे, ऑपरेटरचे महिन्याचे दोन कागद सुपरवायझरने 30 तारखेला स्वतःच भरून टाकावेत. अक्षर तेवढे बदलावे.

डायमंड मात्र मिळणार नाही. स्टोअरने आपल्या लीन प्रकल्पात सुट्या भागांचा साठा शून्यावर आणला आहे, आणि त्या प्रकल्पाला पहिले बक्षीस मिळाले आहे. बक्षीस समारंभाचा फोटो ग्राइंडरच्या समोरच्याच भिंतीवर लावावा, म्हणजे ऑपरेटरला तो दिवसभर दिसत राहील.