बाळ धडधाकट, शुगर कंट्रोलमध्ये, मग तपासायचं काय?

तो मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला म्हणून शेवटी लिहायला बसलो. म्हणणं थोडक्यात असं: नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेणं, कान तपासणं आणि डायबेटिसवाल्यांना दरवर्षी डोळे, किडनी, पाय तपासायला लावणं हा सगळा धंदा आहे, बाळ नीट दूध पितंय आणि शुगर कंट्रोलमध्ये आहे तर काही करू नका, त्रास झाला की बघू. मी डॉक्टर नाही, पण स्वतःला बारा वर्षं डायबेटिस आहे आणि दोन नातवंडांच्या टाचा टोचताना शेजारी उभा होतो.

"बाळ धडधाकट दिसतंय, मग टाच कशाला टोचायची?"

दिसतं धडधाकटच, तीच तर गोम आहे. ज्याची थायरॉइड ग्रंथी नीट तयार झालेली नाही असं बाळसुद्धा जन्मताना बहुतेक वेळा अगदी नॉर्मल दिसतं, कारण पोटात असताना आईच्या हार्मोनवर त्याचं भागलेलं असतं. साधारण 2000 ते 4000 बाळांमागे एकाला हे असतं. मग सुस्ती, लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता असं हळूहळू सुरू होतं, घरचे म्हणतात शांत बाळ आहे हो, आणि कळेपर्यंत मेंदूच्या वाढीचा जो काळ गेला तो नंतर कितीही औषध दिलं तरी भरून निघत नाही. तेच पहिल्या दोन आठवड्यांत सापडून रोजची छोटी गोळी सुरू झाली तर बहुतेक पोरं इतरांसारखीच वाढतात.

टाचेतलं रक्त कागदावर वाळवून तपासायची ही पद्धत रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फेनिलकीटोन्युरिया नावाच्या, जीभ वळणार नाही अशा आजारासाठी आणली. जाड कागदावर गोल छापलेले असतात, थेंब असा पडायला हवा की मागच्या बाजूनेही गोल भरलेला दिसेल, मग कागद आडवा ठेवून वाळवायचा. नातीच्या वेळी एक गोल अर्धाच भरला, सिस्टरनी पुन्हा टाच धरली तेव्हा सुनेपेक्षा मीच जास्त कळवळलो. दुखतं, नाही कोण म्हणतंय, पण आईने जवळ घेतलं आणि मिनिटभरात गप्प. आणि हे जन्मल्याजन्मल्या करत नाहीत, साधारण 24 ते 72 तासांत करतात, कारण जन्मानंतर लगेच टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, उसळलेलं असतं आणि उगाच घाबरवणारा रिपोर्ट येऊ शकतो.

"टाळी वाजवली की दचकतं, म्हणजे ऐकू येतंय."

अहो, टाळीची हवा लागते, हात हललेला दिसतो, आणि एकाच कानाने ऐकणारं बाळही दचकतंच की. हजारात एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. ओएई तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बूच ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद मशीन टिपतं, सुई नाही काही नाही. सुरुवातीला कानात चिकटा असल्यामुळे काही चांगली बाळंही नापास होतात, म्हणून पुन्हा तपासायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे, पुन्हा बोलावलं म्हणजे आजार आहेच असं नाही.

"पेपर वाचता येतो, मग डोळ्यांत थेंब कशाला?"

थेंबांनी बाहुली मोठी होते, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, नीट बघता येतो. वाचायला या पडद्याचा मधला इवलासा भाग पुरतो. बाकीच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव चालू असला तरी नजर शाबूत असू शकते, आणि मधे सूज किंवा मोठा रक्तस्राव झाला की मग धावपळ. लेझरचं मुख्य काम उरलेली नजर राखणं, गेलेली परत आणणं नाही. टाइप 2 मध्ये निदान झालं की लगेच डोळे बघतात, कारण शुगर नक्की कधीपासून वाढलीय हे कोणालाच माहीत नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या सुमारास पडद्याचे फोटो काढायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2009-10 च्या नोंदींत, किमान पाच दशकांत पहिल्यांदाच, डायबेटिसमुळे होणारा पडद्याचा आजार हे कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण राहिलं नाही. शुगरचे उपचार सुधारले हेही त्यामागे असणार, सगळं श्रेय मी स्क्रीनिंगला देणार नाही.

किडनीचं एका ओळीत सांगतो: रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो कचरा, नॉर्मल असतानाही बरंच नुकसान झालेलं असू शकतं, म्हणून लघवीतून गळणारं अल्ब्युमिन हे प्रोटीनही बघतात.

"सगळा धंदा आहे."

यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही, भाराभर टेस्टची पॅकेजं विकणारे आहेतच. पण कोणती तपासणी सरसकट करावी याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने 1968 मध्येच छापलेत, विल्सन आणि युंगनर या दोन तज्ज्ञांनी लिहिलेले, आणि निकषात न बसणाऱ्या तपासण्या बंदही होतात. जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी देशभर तपासायचे, पण एरवी आपोआप विरून गेल्या असत्या अशाच गाठी जास्त सापडायला लागल्या म्हणून 2000 नंतर ते थांबवलं. टाचेचं रक्त मात्र तिथेही घेतात.

"पाय दुखत नाहीत म्हणजे पाय चांगले."

मीही हेच म्हणायचो. गेल्या वर्षी तपासणीत मला डोळे मिटायला सांगितलं, तपासणाऱ्या बाईंच्या हातात नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, तो तळव्याला टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबतात, साधारण 10 ग्रॅमचा दाब, आणि लागलं की हो म्हणायचं. मी वाट बघत बसलो. थोड्या वेळाने विचारलं, सुरू कधी करणार? त्या म्हणाल्या, काका, उजव्या पायाला तीन ठिकाणी लावून झालंय.