डोळ्यांत तेल, टाकीत पेट्रोल

पंपावर आपल्याला कुणी गंडवू नये म्हणून मी फार सावध असतो. मीटर शून्यावर आलाय का ते बघतो. नळीतला शेवटचा थेंब आपल्याच टाकीत पडला का, तेही बघतो. त्या दिवशीही मी गाडीतून उतरून, कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत तेल घालून मीटरसमोर उभा होतो. शून्य बरोबर होतं. आकडे बरोबर पळत होते. ४२ लिटर, थेंब कमी नाही. फक्त गाडी डिझेलची होती आणि आत जात होतं ते पेट्रोल.

पंपावरच्या पोराचा यात काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी पहिले दोन तास वेगळं सांगत होतो. त्यानं मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा नुसतं, "काय भरू?" चौदा वर्षं पेट्रोलची गाडी चालवलेली. डिझेलची घेऊन जेमतेम तीन महिने झालेले. जिभेनं मेंदूला विचारलंच नाही. "पेट्रोल. फुल." त्यानं झाकण उघडलं, जरा थबकला आणि म्हणाला, "काका, नक्की पेट्रोलच ना?"

या वाक्यात चार शब्द आहेत. मला पहिलाच ऐकू आला. पोरगा चांगला पंचविशीचा. काका? मी पोट आत ओढलं आणि जमेल तितक्या तरुण आवाजात म्हणालो, "सांगितलं ना एकदा!"

पैसे देऊन गाडी चालू केली आणि वीसेक पावलांवर हवा भरायच्या मशीनपाशी नेली. मागच्या सीटवर नऊ वर्षांची लेक बसली होती. तिला सध्या दिसेल ते मोठ्यानं वाचायचा नाद आहे. दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टनं, बसच्या पाठीवरची सुभाषितं. काही नाही मिळालं म्हणून तिनं पावती वाचायला घेतली.

"बाबा, यावर पेट्रोल लिहिलंय. आपली गाडी डिझेलची आहे ना?"

"हो."

"मग?"

एवढा आखूड आणि एवढा बिनतोड प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. माझा हात आपोआप किल्लीकडे गेला आणि इंजिन बंद झालं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट, आणि तीही मी करत नव्हतो, हात करत होता. शेजारी बायको होती. ती काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझ्यामागे हवा भरायला चार गाड्या उभ्या होत्या. हॉर्न सुरू झाले. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून कोपऱ्यात ढकलायला लागलो. आता माणूस गाडीला धक्का मारतोय म्हटल्यावर मदतीला लोक येतातच, आणि मदतीला आलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं. "बॅटरी?" एकानं विचारलं. मी "हं" म्हणून निभावून नेणार, तेवढ्यात लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही, बाबांनी पेट्रोल भरलं!" धक्का मारणारे सगळे हात एकदम सैल पडले. हसताना गाडी ढकलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग सल्ले. पहिल्या गृहस्थांचं म्हणणं, वरून डिझेल ओता, पातळ होऊन जाईल. कुठे ओतू? टाकी गळ्यापर्यंत भरलेली. दुसरे वयस्कर होते. ते म्हणाले, "आम्ही तर थंडीत मुद्दाम पेट्रोल मिसळायचो." त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून जुन्या काळच्या काही डिझेल गाड्यांना थोडं पेट्रोल चालायचं. पण ती इंजिनं पैलवान होती, काहीही पचवायची. हल्लीची इंजिनं म्हणजे पथ्यपाण्यावरची माणसं. तिसरा उत्साही तरुण कुठूनतरी रबरी नळी घेऊन आला. "तोंडानं ओढा काका, पाच मिनिटांत बाहेर." (पुन्हा काका.) पेट्रोल चुकून श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांची वाट लागते, एवढं मला ठाऊक होतं. पण ते सांगायची वेळच आली नाही, कारण नळी आत जाईना. चोरांनी इंधन उपसू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत टाकीच्या तोंडाशी आडकाठी केलेली असते. गाडी चोरापासून सुरक्षित होती. मालकापासून नव्हती.

शेवटी मेकॅनिकला फोन लावला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गाडी चालू केली का?"

"तशी नाही. वीसेक पावलं."

"वीस पावलं म्हणजे केली की नाही केली?"

"केली."

पलीकडे जी शांतता पसरली, तशी मी याआधी फक्त दवाखान्यात, डॉक्टर रिपोर्टचं पान उलटतात तेव्हा अनुभवली आहे. "आता किल्लीला हात लावू नका," तो म्हणाला. "नुसती फिरवून बघू, असंही करू नका. हल्लीच्या गाड्यांत इंजिन चालू न करताही टाकीतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो." त्यानंतर अर्धा तास मी किल्ली खिशात आणि खिसा मुठीत धरून बसलो.

गाडी उचलून न्यायला जो ट्रक आला, त्याच्या चालकानं काय झालं ते विचारलंच नाही. झाकणाकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि साखळी अडकवली. मला तो माणूस फार आवडला.

गॅरेजमध्ये पोचल्यावर मेकॅनिकनं पहिलं काम केलं ते म्हणजे शेजारच्या पोराचं वेल्डिंग बंद करवलं. डिझेलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला ते पन्नासेक अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोल मात्र उणे ४० अंशांतही अशी वाफ सोडत असतं. म्हणजे माझ्यामुळे एका निरपराध माणसाचं सायलेन्सर अर्धवट जोडलेल्या अवस्थेत लटकत राहिलं. तो माणूस तिथेच स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता.

"एवढं काय होतं हो पेट्रोलनं?" मी विचारलं. "दोन्ही शेवटी जमिनीतूनच येतात ना?"

मेकॅनिकनं हात पुसले. पेट्रोलच्या इंजिनाला, तो म्हणाला, प्लगची ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे हवा पंधरा-वीस पटींनी दाबतात, ती दाबानंच लालबुंद तापते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपलं आपण पेटतं. पेट्रोलची सगळी शिकवण उलटी. दाबलं तरी आपणहून पेटायचं नाही, ठिणगीची वाट बघायची. थोडक्यात, जिथे न सांगता कामाला लागणारा माणूस हवा, तिथे मी हुकमाची वाट बघणारा पाठवला होता. पण खरं दुखणं पुढेच आहे. डिझेल अंगानं तेलकट. ज्या पंपातून ते जातं, त्या पंपाला वंगणही तेच. हा पंप इंधन १६०० ते २००० बार इतक्या दाबानं पुढे ढकलतो. मोटारीच्या टायरमधली हवा दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. पेट्रोल हे वंगण धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो, बारीक कीस पडतो आणि तो थेट फवारा मारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो.

"उलटं झालं असतं, पेट्रोलच्या गाडीत डिझेल, तर धूर सोडून, खोकून बंद पडली असती. तुलनेनं स्वस्तात सुटला असतात," तो म्हणाला. मलाही आयुष्यात पहिल्यांदाच चुकायचं तर नीट चुकलो असतो, असं वाटून गेलं.

टाकी रिकामी व्हायला वेळ लागणार होता. मी मोबाइलवर स्वतःसाठी वकील शोधायला लागलो. म्हणजे इतिहासात कुणीतरी माझ्या बाजूचं सापडतंय का ते. पहिला आधार खुद्द रुडॉल्फ डिझेल यांचाच मिळाला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! मी विजयी मुद्रेनं मेकॅनिकला हे ऐकवलं. तो गाडीखालूनच म्हणाला, "ते तेल होतं. तुम्ही तेल भरलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो."

मग मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी, बर्था बेंझ बाई भेटल्या. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढून, दोन मुलांना घेऊन त्या शंभरएक किलोमीटर लांब आईकडे निघाल्या. वाटेत इंधन संपलं तेव्हा पंप नावाची गोष्टच जगात नव्हती. त्यांनी विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलच्याच जातकुळीतलं द्रव, घेतलं. म्हणजे जगातल्या पहिल्या पंपावर एका औषधविक्यानं बरोबर इंधन दिलं आणि बाईंनी बरोबर इंधन मागितलं. वर इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी ती टोपीच्या पिनेनं साफ केली. इकडे दोन माणसं माझ्या गाडीची टाकीच खाली उतरवत होती. मी मोबाइल खिशात टाकला. इतिहास माझ्या बाजूनं नव्हता.

एक मात्र जाता जाता सांगतो. अनेक देशांत डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोलच्या गाडीच्या तोंडात शिरतच नाही. पेट्रोलचं बारीक असतं, ते डिझेलच्या गाडीत सुळ्ळकन जातं. म्हणजे सगळी सोय त्यांची, ज्यांची चूक स्वस्तात निस्तरते. रंगांवर भिस्त ठेवावी तर ब्रिटनमध्ये हिरवं नोझल म्हणजे पेट्रोल आणि अमेरिकेत कित्येक पंपांवर हिरवं म्हणजे डिझेल. हे सगळं मी बायकोला तळमळीनं सांगितलं. ती म्हणाली, "पण तू रंग बघितला होतास का?"

मधल्या वेळात ऑफिसला फोन केला. "इंधनप्रणालीत बिघाड झालाय" असं कळवलं. वाक्य खोटं नव्हतं, फक्त त्यातला कर्ता मी गाळला होता. विमा कंपनीतल्या बाईंनी मात्र कर्ता विचारलाच. कर्ता कळल्यावर त्या म्हणाल्या की माझ्या पॉलिसीत हे बसत नाही. आवाजात हसू दाबलेलं स्पष्ट ऐकू येत होतं.

संध्याकाळी निकालाची वेळ आली. टाकी धुऊन झाली, नळ्या साफ झाल्या, नवा फिल्टर बसला. मेकॅनिकनं पंपावरचा एक छोटासा भाग खोलला, त्याची जाळी पांढऱ्या कागदावर हलकेच झटकली आणि कागद उजेडात धरला. चमकी दिसली तर पंप, रेल, इंजेक्टर, सगळंच गेलं. नाही दिसली तर वाचलो. सायलेन्सरवाला माणूससुद्धा स्टूल सोडून बघायला आला. सकाळपासून वाट बघून आता त्यालाही निकालाशी देणंघेणं निर्माण झालं होतं. कागद कोरा निघाला. मी त्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्यानं मारू दिली.

"वीस पावलांत सुटलात," मेकॅनिक म्हणाला. "चार किलोमीटर गेला असतात तर मी बसायला खुर्ची दिली असती आणि मग बिल."

बिल तसंही उभ्यानं वाचण्यासारखं नव्हतंच. कोपऱ्यात माझ्या कर्तृत्वाचे कॅन रांगेत उभे होते. ना धड पेट्रोल, ना धड डिझेल, कुठल्याच गाडीला न चालणारं. त्यांच्यावर खडूनं "वापरू नये" असं लिहिलं होतं. खाली माझं नाव घालायचं त्यानं सौजन्यानं टाळलं होतं.

नळ्यांत अडकलेली हवा काढायला आणि गाडी चालू करून बघायला ताजं डिझेल हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेकॅनिकचा कॅन घेऊन पुन्हा त्याच पंपावर गेलो. रात्रभर एकच शब्द घोकला होता. तोच पोरगा उभा होता. त्यानं मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "काय देऊ?" त्यानं अदबीनं विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जिभेवर माझा आता विश्वास राहिला नव्हता. लेकीनं मोबाइलवर मुद्दाम काढून ठेवलेला, टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मी त्याच्यापुढे धरला. ठळक लाल अक्षरांत 'फक्त डिझेल'.

त्यानं फोटोकडे पाहिलं, कॅन हातात घेतला आणि हळूच म्हणाला,

"हे मी कालच वाचलं होतं, काका."