कोलोनोस्कोपी म्हणजे नरकयातना म्हणे! जरा थांबा

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघायची तपासणी. तिच्याबद्दलचा तो मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर परत फिरायला लागलाय. जाडजूड पाइप घालतात, आतडं आतून सोलून निघतं, हार्ट बंद पडू शकतं, पूर्ण भूल घेतली तरच निभावेल, आणि पोट साफ करायच्या पावडरने किडनी जाते. गेल्या वर्षी माझी स्वतःची झालीये, म्हणून लिहितोय.

सोलण्याचं आधी. दुर्बीण बोटाएवढी जाड असते, वाकणारी. आणि गंमत म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळतच नाही, पॉलिप (अस्तरावरची छोटी गाठ) काढला तरी पेशंटला पत्ता नसतो. दुखतं ते ताणल्यामुळे. डाव्या बाजूला खाली आतडं सैल आणि नागमोडी असतं, दुर्बीण पुढे सरकवली की तिथे तिचं वेटोळं पडतं आणि आतड्याला मागून धरून ठेवणारा पडदा ताणला जातो, मग कळ येते. मला वाटलेलं सिस्टर धीर द्यायला पोटावर हात ठेवतायत, त्या खरं तर ते वेटोळं दाबून धरत होत्या! बारीक अंगाच्या बायकांना किंवा गर्भाशय काढलेलं असेल तर त्रास जरा जास्त होऊ शकतो, तसं असेल तर आधीच सांगून ठेवा.

हार्टचं म्हणाल तर तेही या ताणाशीच जोडलेलं आहे. आतडं ताणलं की व्हेगस नावाची नस चेतते, नाडी आणि बीपी उतरतं, घाम फुटतो, रक्त काढताना काहींना चक्कर येते ना, तसंच. हा हार्ट अटॅक नव्हे. डॉक्टर थांबतात, आतडं फुगवायला सोडलेली हवा ओढून घेतात, दुर्बीण मागे घेऊन सरळ करतात, आणि औषध द्यायची वेळ आलीच तर सुई हाताला लावलेली असतेच. हृदयाचा आजार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांशी नीट बोलून घ्या.

आता पूर्ण भूल. नॉर्वेत कितीतरी लोक भुलीशिवाय ही तपासणी करून घेतात. आणि भूल म्हणजे शरीराला आराम असंही नाही, श्वास मंदावतो, बीपी उतरतं, म्हणूनच बोटाला ती ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावतात. मला मिडाझोलाम हे गुंगीचं औषध आणि फेंटानिल हे वेदनाशामक दिलेलं. मी घरी आल्यावर ऐटीत सांगितलं की काहीच दुखलं नाही, तर बायको म्हणाली, अहो, तुम्ही दोनदा आई गं म्हणून ओरडलात, बाहेरपर्यंत ऐकू आलं. मिडाझोलाम आठवणच पुसतं. म्हणजे दुखलं किती आणि लक्षात राहिलं किती, या दोन वेगळ्या गोष्टी. टोरोंटोचे डॉक्टर रेडेलमायर आणि नोबेलवाले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी यावरच प्रयोग केला, २००३ मध्ये छापून आला, ६८२ पेशंट. निम्म्या लोकांमध्ये शेवटी दुर्बिणीचं टोक काही मिनिटं न हलवता तसंच ठेवलं. तपासणी लांबली, तरी त्यांना ती कमी त्रासाची वाटली, कारण शेवट सौम्य झाला! भुलीशिवाय केलेल्या कुणाची भयकथा ऐकताना हे डोक्यात असू द्या.

पोट फुगतं हे मात्र खरंय, ते मी नाकारत नाही. पण साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो आतड्यातून पटकन रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. काही ठिकाणी हवेऐवजी पाणी सोडतात, त्यानेही कमी दुखतं. अपॉइंटमेंट घेताना विचारा, लाजू नका.

राहिली पावडर. किडनीला त्रास झाल्याच्या केसेस सोडियम फॉस्फेटवाल्या औषधाच्या, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्यावर कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे बहुतेक वेळा मिळते ती पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) पावडर, ती वेगळी. किडनीचा आजार असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगाच. बाकी खरा छळ मात्र तोच, रात्रभर संडासच्या वाऱ्या. गार करून प्या, अर्धी आदल्या रात्री, अर्धी पहाटे.

आणि काका, तुम्हीच मेसेज टाकलात म्हणून सांगतो, तुमच्या डॉक्टरांनी तपासणी दिवाळीआधी सांगितलीये. मंगळवारी मला सुट्टी आहे, सोबत येतो.