आवडती पुस्तकं शेवटच्या दोन मिनिटांत विचारू नका

पुस्तकांवरचे पॉडकास्ट मी भरपूर ऐकते आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल माझी एकच तक्रार आहे. कादंबरीकार पाहुणा म्हणून येतो. कल्पना कुठून सुचली, पहाटे लिहिता की रात्री, हाताने की लॅपटॉपवर, यात पाऊण तास जातो. वेळ संपत आली की घाईघाईने विचारलं जातं, "जाता जाता, तुमची आवडती तीन पुस्तकं?" लेखक तीन नावं घेतो, संगीत वाजतं आणि भाग संपतो. गप्पा जिथे रंगायला लागणार, नेमका तिथेच पडदा.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला असावा आणि सगळा भाग त्यातल्या एकाच पुस्तकावर खर्च करावा. स्वतःच्या नव्या कादंबरीबद्दल लेखक जपून बोलतो. ती विकायची असते, परीक्षणं यायची असतात, शिवाय तीच उत्तरं ठिकठिकाणी देऊन गुळगुळीत झालेली असतात. दुसऱ्याच्या पुस्तकावर मात्र तो वाचक म्हणून बोलतो. कुठे थांबला, कशाचा हेवा वाटला, काय उचललं, हे सहज सांगून जातो.

काझुओ इशिगुरोंचंच घ्या. जन्म १९५४चा, नागासाकीचा. पाचव्या वर्षी इंग्लंडला आले, १९८९मध्ये 'द रिमेन्स ऑफ द डे'ला बुकर आणि २०१७मध्ये साहित्याचं नोबेल. त्यांच्यावरच्या गप्पा ठरलेल्या वाटेनेच जातात: जपान, आठवणी, विश्वास ठेवता न येणारा निवेदक. चूक काहीच नाही, पण तेच तेच किती ऐकायचं? याच इशिगुरोंनी एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' आणि 'व्हिलेट'चं आपल्या लेखनावर मोठं ऋण असल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. यावर कुणी तासभर का बोलू नये?

'व्हिलेट'ची नायिका ल्यूसी स्नो आपली गोष्ट आपणच सांगते. तिच्या आयुष्यात एक डॉक्टर येतो. हा आपल्या लहानपणीच्या ओळखीतला मुलगा आहे हे तिला कळतं, पण ती आपल्याला सांगत नाही. बरीच प्रकरणं उलटल्यावर ती शांतपणे म्हणते की तिने त्याला कधीच ओळखलं होतं. पहिल्यांदा वाचताना मी चक्क चिडले आणि ती जागा शोधायला पानं मागे उलटत बसले. जागा सापडली, खूणही होती, मलाच दिसली नव्हती.

आता 'द रिमेन्स ऑफ द डे'मधल्या स्टीव्हन्स या बटलरकडे या. घरात मोठी बैठक चालू आहे, वर त्याचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि तो खाली पाहुण्यांना पेयं देत फिरतोय. मनातलं एक अक्षर तो आपल्याला सांगत नाही. मालक त्याला विचारतात, बरा आहेस ना, रडल्यासारखा दिसतोस. तो हसून रुमालाने चेहरा टिपतो आणि दिवसभराच्या ताणावर ढकलतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळतं! ल्यूसीला वाचून स्टीव्हन्सकडे आलं की हा प्रसंग वेगळाच दिसतो. या दोघांना शेजारी बसवणारी गप्पा मला हवी आहे.

नोबेलच्या भाषणात इशिगुरोंनी स्वतःच असे दोन धागे दिले आहेत. आजारपणात अंथरुणावर पडून त्यांनी फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त वाचला आणि एका आठवणीतून दुसरीत सरकत, काळाचा क्रम मोडून गोष्ट कशी रचता येते ते त्यांना दिसलं. दुसरा धागा अमेरिकन गायक टॉम वेट्सच्या एका गाण्याचा. 'रिमेन्स' लिहून झाली असं त्यांना वाटत होतं. पहाटे प्रेयसीला झोपेत सोडून जाणाऱ्या माणसाचं ते गाणं ऐकलं आणि स्टीव्हन्सचं कवच शेवटाकडे एका क्षणी तडकलं पाहिजे असं त्यांनी ठरवलं. त्याच घरात पूर्वी हाउसकीपर असलेल्या मिस केंटनला निरोप देतानाचं ते एक वाक्य त्या निर्णयातून आलं आहे. रोज किती शब्द लिहिता, या प्रश्नाला असं उत्तर कधी मिळेल?

हे जमवणारे पॉडकास्ट आहेत, आणि जीव लावून ऐकावेत असे आहेत. 'न्यू यॉर्कर'च्या फिक्शन पॉडकास्टमध्ये एक लेखक या अमेरिकन साप्ताहिकात छापून आलेली दुसऱ्या लेखकाची कथा निवडतो, ती अख्खी वाचून दाखवतो आणि मग संपादक डेबोरा ट्राइसमन यांच्याशी तिच्यावर बोलतो. २००७पासून हे चालू आहे. कथा नुकतीच कानावर पडलेली असल्यामुळे कुणाला हवेत बोलताच येत नाही. 'बॅकलिस्टेड'मध्ये पाहुणा एखादं जुनं पुस्तक घेऊन येतो, आणि अँडी मिलर व त्यांचे सहकारी सूत्रसंचालक ते खरोखर वाचून बसलेले असतात. (सूत्रसंचालकाने पुस्तक वाचलंय की मलपृष्ठ, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतंच.) 'बीबीसी'च्या 'वर्ल्ड बुक क्लब'मध्ये लेखक आपल्याच एका पुस्तकावर बोलतो, पण प्रश्न वाचकांचे असतात. वाचक थेट विचारतो, ती त्याला सोडून का गेली? अशा प्रश्नापुढे तयार उत्तर चालत नाही.

पॉडकास्ट करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लेखकाला आधीच कळवा: एक पुस्तक निवडा, तुमचं नको, सोबत घेऊन या आणि त्यातलं एक पान मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर क्षणभर कुणी बोललं नाही तरी चालेल, ती शांतता कापू नका. आणि यादी तर नकोच. दहा नावांपेक्षा एका परिच्छेदाबद्दलचा आग्रह ऐकून मी जास्त पुस्तकं हातात घेतली आहेत.

मला स्वतःला पुढचा भाग कोणता ऐकायचाय तेही सांगते. इशिगुरोंची 'क्लारा अँड द सन' २०२१मध्ये आली. तिची मूळ कल्पना अगदी लहान मुलांच्या गोष्टीची होती. ती मुलांना झेपणार नाही असं इशिगुरोंच्या लेकीने त्यांना सांगितलं आणि मग मोठ्यांची कादंबरी झाली. कुणीतरी त्यांच्यासमोर चार चित्रपुस्तकं ठेवावीत आणि तासभर फक्त त्या चित्रांवर बोलतं करावं. असा भाग कुठे झाला असेल तर मला लिंक पाठवा, आजच ऐकेन.