सरबराईचा खर्च कोणाच्या खात्यावर?

जळगावात पंचतारांकित दर्जाचे मोठे हॉटेल झाले पाहिजे, ही मागणी मी सुट्टीवर गावी गेलो की दरवेळी ऐकतो. तिच्यामागचे गणित सरळ आहे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहेत आणि छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक; मुंबईहून येणारा मुख्य लोहमार्ग जळगावावरून जातो, भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे, विमानतळही आहे. तरीही लेणी पाहायला येणारा परदेशी पाहुणा बहुधा संभाजीनगरातच उतरतो. वेरूळ त्या बाजूला आहे हे एक कारण, आणि त्याला हवी तशी हॉटेले तिकडे आहेत हे दुसरे. मोठे हॉटेल आले की पाहुणा इकडे थांबेल, पोरांना जिल्ह्यातच काम मिळेल आणि केळी व सोने यांपलीकडेही जळगावचे नाव होईल, असे मागणी करणारे म्हणतात. विरोध करणाऱ्यांना हे सारे श्रीमंतांचे चोचले वाटतात. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत बसणाऱ्या खानदेशातल्या शहरांनी बाथटबची स्वप्ने पाहू नयेत, असे त्यांचे म्हणणे असते. जर्मनीत हॅम्बुर्गला राहून हा वाद ऐकताना मला सतत वाटते की, या हॉटेलात राबणाऱ्या माणसाला काय मिळणार, हा प्रश्न दोन्ही बाजू विचारतच नाहीत.

गेल्या वेळी परतीचे विमान मुंबईहून पहाटेचे होते आणि आई निरोप द्यायला मुंबईपर्यंत आली होती, म्हणून समुद्राकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात तिच्यासह छोटा मुक्काम केला. अमळनेरला नानांनी भाडे ऐकून ‘इतला पैसा कसाले, भाऊ?’ असे विचारले होते, आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. हॉटेलच्या दारात गाडी थांबताच तिघे पुढे आले. एकाने दार उघडले, दुसऱ्याने बॅगा तपासणी यंत्राकडे नेल्या, तिसरा नुसताच हात जोडून उभा होता. संध्याकाळी अंथरूण नीट करायला एक मुलगा आला. त्याने पलंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी लहान कापडे अंथरली, त्यांवर सपाता बोटभरही पुढेमागे होऊ न देता जोडीने ठेवल्या, पडदे ओढले, उशाशी पाण्याच्या बाटल्या आणि चॉकलेट ठेवले. हे सारे तो इतक्या अलगद करत होता की आई संकोचून उभीच राहिली. तिने त्याला गाव विचारले. तो आमच्या खानदेशातल्याच तळोद्याकडचा निघाला, आणि त्याची शिकवलेली हिंदी तिथेच गळून पडली.

‘पगार कितला शे रे, भाऊ?’ हा आमच्याकडच्या आयांचा दुसराच प्रश्न असतो. त्याने आकडा सांगितला. आमच्या खोलीचे एका रात्रीचे करासह भाडे त्याच्या महिन्याच्या हाती पडणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होते. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊनही तो हॉटेलच्या हजेरीपटावर नव्हता. ठेकेदाराकडून आलेला होता. त्याची ब्रेक शिफ्ट असायची, म्हणजे सकाळी काही तास, मग दुपारी मोकळीक आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत पुन्हा काम. त्या मोकळ्या वेळात इतर मुलांबरोबर भाड्याने घेतलेल्या खोलीवर जाऊन येण्यात लोकलमध्येच वेळ जातो, म्हणून तो तळघरातल्या लॉकर रूममध्ये बाकावर पडून राही. जेवण मात्र स्टाफ कँटीनमध्ये चांगले मिळते, हे त्याने आवर्जून सांगितले. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात कुठेही नव्हता.

भारतातल्या बड्या हॉटेलांसारखी सरबराई जगात कुठे नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि अनुभवापुरते ते खरेही आहे. हॅम्बुर्गमधल्या चांगल्या हॉटेलातही रात्री स्वागतकक्षात बहुधा एकच माणूस असतो, बॅग आपली आपणच ओढायची असते, आणि टॉवेल रोज बदलू नका, हे सांगणारी पाटी न्हाणीघरात लटकत असते. माझे नातेवाईक तिकडे आले की ‘पैसा आहे, पण पाहुणचार नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. त्यांच्या लक्षात येत नाही की तिकडे माणसाचा तास महाग असतो. जर्मनीत 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. दारात नुसते हात जोडून उभे राहायला तिसरा माणूस ठेवणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. आपल्याकडे ते परवडते, म्हणून तो उभा असतो. यात संस्कृतीचा वाटा नाही असे मी म्हणणार नाही, कारण खानदेशात दारी आलेल्याला भाकरी-ठेचा तरी खाऊ घातल्याशिवाय कोणी सोडत नाही. पण घरच्या पाहुणचाराचे श्रम घरातलीच माणसे करतात, तर हॉटेलातला पाहुणचार मालक विकतो आणि त्याचे श्रम तळोद्याचा मुलगा करतो.

हाच गोंधळ सर्व्हिस चार्जच्या वादातही दिसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावण्यास मनाई केली. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचनांना स्थगिती दिली आणि 28 मार्च 2025 रोजी त्याच न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. निर्णय मला योग्य वाटतो, कारण पदार्थाची किंमत एक छापायची आणि बिल भलतेच द्यायचे, ही फसवणूकच आहे. जर्मनीत ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत कर धरलेला असावा लागतो. मेनूवर जे लिहिले तेच द्यायचे, वर टीप म्हणून पाच-दहा टक्के स्वखुशीने ठेवायचे, आणि नोकरदाराला मिळालेल्या त्या स्वेच्छेच्या टीपेवर प्राप्तिकरही नसतो. आपल्याकडे साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी वेगळा, अशा हॉटेलातल्या जेवणावरही तितकाच वेगळा, आणि त्यावर हा चार्ज. ग्राहक चिडला तर नवल नाही. मात्र जळगावातला माझा भाचा मोठ्या फुशारकीने सांगतो की त्याने मॅनेजरशी भांडून चार्ज काढायला लावला. वेटरला काय ठेवलेस, असे विचारले तर तो विषय बदलतो. चार्ज गेला, पगार वाढला नाही, आणि टीपही गेली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात चार्ज कर्मचाऱ्यांसाठी आहे असे सांगत होत्या. तसे असेल तर ती रक्कम पगारात घालून पदार्थाची छापील किंमत वाढवण्यापासून त्यांना कोणी अडवलेले नाही.

जर्मनीचे कौतुक करतानाही हात आखडता घ्यावा लागतो. तिथेही मोठ्या शहरांतल्या हॉटेलांची सफाई बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीकडे असते, ते काम पूर्व युरोपातून आलेल्या बायका करतात, आणि ठरवून दिलेल्या वेळेत खोल्या उरकल्या नाहीत तर वरचा वेळ हिशोबात धरत नाहीत, अशा तक्रारी कायम येतात. मात्र तिथे तक्रार करताना बोट ठेवायला तासाचा एक आकडा असतो, आणि तो देशभर एकच असतो. आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क त्यात दिला आहे. पण ठेकेदाराकडून आलेल्या मुलापर्यंत त्यातले काय पोहोचेल, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहील, आणि लॉकर रूममधल्या बाकापर्यंत सरकारी तपासणी क्वचितच जाते.

म्हणून जळगावच्या हॉटेलाला माझा विरोध नाही. मला त्याच्या अटींत रस आहे. महाराष्ट्र सरकारने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला असून 1 एप्रिल 2021 पासून वीज, पाणीपट्टी आणि मालमत्ता कर यांत औद्योगिक दराची सवलत ठेवली आहे. ही सवलत सगळ्यांच्या पैशातून मिळते, त्यात नळाला पाणी नसलेल्या घराचाही पैसा आहे. मग ती घेणाऱ्या हॉटेलाने खोल्या आवरणारी आणि वाढपी मंडळी थेट आपल्या हजेरीपटावर घ्यावीत, ब्रेक शिफ्टमधल्या रिकाम्या तासांचा मोबदला द्यावा आणि विश्रांतीची नीट जागा ठेवावी, अशी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी भूमिपूजनाच्या आधी का करू नये? नुसते ‘स्थानिकांना प्राधान्य’ एवढ्याने भागत नाही. स्थानिक मुलगा ठेकेदाराकडेच लागणार असेल, तर मुंबईऐवजी जळगावात लागल्याने त्याचे खोलीभाडे तेवढे वाचेल.

औद्योगिक वसाहतीत व्यवसाय असलेला माझा एक मित्र यावर म्हणतो की अशा अटी घातल्या तर खोलीचे भाडे वाढेल आणि जळगावात कोणी हॉटेल काढायलाच येणार नाही. त्याच्या भीतीत तथ्य आहे. अजिंठ्याचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, उरलेले महिने लग्नसराई आणि धंद्यानिमित्त येणाऱ्यांवर काढायचे, हे गणित सोपे नाही. पण लग्नात एका रात्रीच्या फुलांवर आणि रोषणाईवर जळगावकर किती उधळतात, ते तो आणि मी दोघेही पाहत आलो आहोत. त्या बिलात वाढप्याच्या पगारापोटी शेकडा काही रुपये वाढले म्हणून एकही लग्न मोडणार नाही.