साठीनंतर 'ठोके वाचवा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. माणसाला हृदयाचे ठोके मोजून मिळतात, व्यायामाने ते लवकर संपतात, म्हणून साठीनंतर आराम करा, जिने चढू नका गुडघे झिजतील, आणि चालायचंच तर रोज दहा हजार पावलं, नाहीतर उपयोग शून्य. म्हणजे आराम पण आणि दहा हजार पण!

ठोक्यांचा हिशोबच घालूया. बसून राहणाऱ्याचे मिनिटाला ७५ धरले तर दिवसाचे १,०८,०००. समजा नियमित चालून बसल्या जागचे ७० वर आले आणि अर्धा तास चालताना ११० पडले, तरी होतात १,०२,०००. मग वाचवलं कोणी?

गुडघ्यांचं म्हणाल तर संधिवातवाल्यांनाही फिजिओ व्यायामच देतात, कारण मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. जिना जमत नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा.

दहा हजारांचा आकडा आला १९६५ च्या सुमारास, जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून. २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या बायकांमध्ये रोज ४,४०० पावलांनाही २,७०० पेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक नव्हता.

खरा घोळ होतो चालणं वाढवण्यात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर बघा, वर्षभर सोफ्यावर बसलेले काका पहिल्याच दिवशी मऊ वाळूत तरातरा निघतात, जिथे तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट शक्ती जाते, वर आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही त्यामुळे धाप अजून लागते, मग दोन दिवस पोटऱ्या धरून घरी. त्यापेक्षा फुटपाथवर दहा मिनिटांनी सुरुवात करा, आधी दिवस वाढवा, मग मिनिटं, आल्तिन्हो टेकडीची चढण सगळ्यात शेवटी. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, त्यासोबत दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम, आणि हे तोलाचं कोणीच करत नाही, पडतात मात्र सगळे.

घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर पण जाऊ नका, बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर दम लागला तरी ठोके फार वाढत नाहीत. इन्शुलिनवाल्यांनी, चालताना रक्तातली साखर उतरली तर म्हणून, खिशात साखर ठेवायची. छातीत दाब आला, जबडा किंवा हात दुखायला लागला की तिथेच थांबून १०८ लावायचा, चालत घरी यायचं नाही.