स्टिकर नको, निट्स बघा

स्वस्त टीव्ही घ्यावा की महाग, यावरच्या लेखातला ‘एचडीआर (चित्रातला उजेड-अंधार जास्त खुलवणारं तंत्र) दोन्हीत आहे, मग जास्त पैसे कशाला?’ हा मुद्दा पटला नाही. स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो खरा, पण पॅनेलचा म्हणजे पडद्याचा उजेड बहुतेकदा २५०-३०० निट्सच (निट हे उजेड मोजायचं एकक) आणि लोकल डिमिंग, म्हणजे चित्राच्या अंधाऱ्या भागापुरता मागचा उजेड कमी करायची सोय, नाही. त्यामुळे रात्रीच्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो, कधी एचडीआर लागल्यावर चित्र उलट अंधारतं. दुपारी ऊन येणाऱ्या हॉलमध्ये क्रिकेट बघणार असाल तर पॅनेलच्या उजेडावरच पैसे घाला. खोक्यावरच्या ‘मोशन रेट १२०’वर जाऊ नका, पॅनेलचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) विचारा, तो बहुधा ६० हर्ट्झच निघतो.

मात्र ॲप्स अडकतात एवढ्यासाठी महागडा टीव्ही मुळीच घेऊ नका. रॅम कमी असते म्हणून तसं होतं आणि चार-पाच हजारांच्या स्ट्रीमिंग स्टिकने (टीव्हीला जोडायचं, ॲप्स चालवणारं छोटं उपकरण) ते भागतं. पॅनेल काही नंतर बदलता येत नाही.

सेट-टॉप बॉक्सवर बातम्या-मालिकाच बघायच्या तर स्वस्तातला पुरे. फक्त घरी आणल्यावर पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘स्टँडर्ड’ करा आणि बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) १०० वरून ६०-७० वर आणा. सतत पूर्ण उजेडावर चालवला की उष्णतेने आतल्या एलईडी पट्ट्या लवकर जातात, मग आवाज येतो पण चित्र नाही.